गुरुऋण आणि परदेश

आपल्याकडील एखादा गवई किंवा नर्तक परदेशीं जाऊन तेथेंच स्थायिक झाला व तेथील मुलांना शिकवूं लागला, म्हणजे त्याच्याविषयीं दोन प्रकारचें बोलणें कानीं येतें. एक अभिमानाचें: आपली कला समुद्रापार पोंचली, साहेबाच्या घरीं तिचा सत्कार झाला. दुसरें तक्रारीचें, आणि तें बहुधा त्याच बैठकींत, त्याच गृहस्थांच्या तोंडून, आवाज किंचित् खालीं आणून निघतें: शिकला येथें, गुरूनें हातचें कांहीं न राखतां दिलें येथें, आणि पीक काढलें तें मात्र परक्याच्या शेतांत! पहिल्या बोलण्यांत स्वतःचीच पाठ थोपटून घेण्याचा भाग पुष्कळ असतो, म्हणून तें सोडून देऊं. दुसर्‍या बोलण्यांत कडवटपणा असला तरी त्यांत एक खरा प्रश्न दडलेला आहे. विद्या ज्या मातींत मिळाली त्या मातीचें ती घेणारा कांहीं देणें लागतो काय? लागत असेल, तर तें देणें परदेशीं राहून फिटतें काय?

प्रश्न हवेंत राहूं नये म्हणून एक उदाहरण डोळ्यांसमोर ठेवतों. कथक नर्तक प्रताप पवार यांचें नांव आपल्या भंडारा जिल्ह्यांतील कांहीं वाचकांच्या कानांवरून गेलें असेल, कांहींच्या नसेलहि. पवार हें आडनांव मात्र वैनगंगेच्या खोर्‍यांत कोणाला परकें वाटणार नाहीं. पंडित बिरजू महाराजांनीं ज्याला प्रथम गंडा बांधला तो शिष्य, अशी त्यांची ख्याति आहे. गुरूपाशीं तयार झाल्यावर ते नृत्य शिकविण्यासाठीं गयाना व त्रिनिदाद या दूरच्या देशांत गेले, पुढें लंडनला स्थायिक झाले, आणि पत्नी प्रिया पवार यांच्यासह ‘त्रिवेणी’ या नांवाची नृत्यसंस्था त्यांनीं तेथें चालविली. ब्रिटिश सरकारनें त्यांना ‘एम. बी. ई.’ हा किताब दिला. भारत सरकारनें २००८ सालीं पद्मश्री दिली. म्हणजे दोन्ही सरकारांनीं आपापल्या वहींतील खातें चुकतें केलें. सरकारांचा हिशेब असा सोपा असतो. आपला प्रश्न त्या वहींत बसत नाहीं.

आपल्या जुन्या धर्मविचारांत मनुष्य तीन ऋणें घेऊन जन्माला येतो असें सांगितलें आहे: देवांचें, ऋषींचें आणि पितरांचें. देवांचें ऋण यज्ञानें फिटतें, पितरांचें संततीनें, आणि ऋषींचें अध्ययनानें. अध्ययनाबरोबर अध्यापनहि त्यांत येतें असें परंपरा मानीत आली आहे. या तिहींत ऋषिऋणाचा व्यवहार मोठा चमत्कारिक आहे. सावकाराचें कर्ज सावकारालाच परत करावयाचें असतें. येथें ज्यानें दिलें त्याला कांहींच परत करतां येत नाहीं. गुरूला दक्षिणा देतां येते, त्याचे पाय चेपतां येतात, परंतु त्यानें शिकविलेला तोडा त्याला परत शिकवितां येत नाहीं. फेड होते ती तिसर्‍याकडे, गुरूनें ज्याला कधीं पाहिलेंहि नाहीं अशा कोणाकडे. या कर्जरोख्यावर रक्कम लिहिलेली आहे, घेणाराचें नांव आहे, पण फेड कोणाच्या हातीं द्यावयाची त्याचा पत्ता नाहीं. तो पत्ता भरतखंडांतलाच असला पाहिजे असें ज्याचें म्हणणें असेल, त्याला त्याचा आधार दाखवावा लागेल.

येथपर्यंतचा युक्तिवाद सरळ आहे, आणि इतका सरळ आहे म्हणूनच मला तो पुरेसा वाटत नाहीं. विद्या दिल्यानें वाढते हें सुभाषित आपण लहानपणीं पाठ करतों. गणिताच्या बाबतींत तें खरें असेल; पुस्तकांत छापलेला सिद्धांत लंडनला गेला म्हणून भंडार्‍यांतून उणा होत नाहीं. नृत्याचें तसें नाहीं. नृत्य अंगाकडून अंगाकडे जातें. गुरु समोर उभा राहतो. टाच किती उचलावयाची, मनगट कोठें थांबवावयाचें, मान कोणत्या मात्रेवर वळवावयाची हें करून दाखवितो. शिष्याचा वर चढलेला खांदा हातानें खालीं बसवितो. यांत खर्ची पडतो तो गुरूचा देह आणि गुरूचें आयुष्य, आणि तीं दोन्ही मोजकीं असतात. दिवसाला चार तास, वर्षाला तीनशें दिवस, याप्रमाणें चाळीस वर्षें शिकविलें तरी सगळे मिळून अठ्ठेचाळीस हजार तास भरतात. ते लंडनला दिले तर नागपूरला दिले नाहींत, हें उघड गणित आहे. तेव्हां तक्रार करणाराचें म्हणणें अगदींच खोटें नव्हे. एका पंक्तींत वाढलेलें दुसर्‍या पंक्तीला कमी पडतें. जो हें नाकबूल करतो त्यानें नृत्य शिकवितांना कोणाला जवळून पाहिलेलें नसावें.

आतां प्रश्न उरतो तो एवढाच कीं, नागपूरच्या किंवा भंडार्‍याच्या मुलीचा हक्क अगोदरचा कां मानावयाचा? मातीचा म्हणून म्हणावें, तर कथक आपल्या मातीचें नाहीं. त्याचें एक मोठें घराणें लखनौचें, दुसरें जयपूरचें, तिसरें बनारसचें. लखनौच्या घराण्याला वाजिद अली शहाच्या दरबारांत वैभव आलें, आणि १८५६ सालीं इंग्रजांनीं अवधचें राज्य घेतल्यावर तो नबाब कलकत्त्याजवळील मटियाबुर्ज येथें गेला तेव्हां त्याच्यामागोमाग गाणेंबजावणेंहि तिकडे गेलें. म्हणजे परदेशीं राहणें या कलेला नवें नाहीं. लखनौच्या रसिकांनीं त्या वेळीं काय म्हटलें असेल? बहुधा आज आपण म्हणतों तेंच.

याहून महत्त्वाची गोष्ट दुसरी आहे. ही विद्या कुळाची होती. कालका व बिंदादीन हे बंधु, कालकांचे पुत्र अच्छन, लच्छू व शंभू महाराज, आणि अच्छन महाराजांचे पुत्र बिरजू महाराज, अशी ती रक्ताच्या वाटेनें उतरत आली. शिष्य बाहेरचे येत, शिकत. परंतु गंडा बांधणें ही निराळी गोष्ट आहे. गुरु शिष्याच्या मनगटाला धागा बांधतो, त्याला गूळ-चणे खाऊं घालतो, शिष्य गुरूपुढें दक्षिणा ठेवतो, आणि त्या घटकेपासून तो शिष्य घरचा होतो. ज्याच्या कुळांत ही विद्या नव्हती अशा, निराळ्या आडनांवाच्या मुलाच्या मनगटाला तो धागा ज्या दिवशीं बांधला गेला, त्या दिवशींच कुंपण ओलांडलें गेलें होतें. समुद्र पुष्कळ नंतर आला. आणि कुंपण ओलांडलें तें गुरूनें. जो स्वतः दार उघडलें गेलें म्हणून आंत येऊं शकला, त्यानें पुढें आणखी एक दार उघडलें तर त्यानें गुरूचें मोडलें असें म्हणावयाचें, कीं गुरूचेंच पुढें चालविलें असें म्हणावयाचें?

आपल्याच इतिहासांत याची उलटी बाजू आहे, ती आपण सोयीस्करपणें विसरतों. तंजावरास मराठ्यांचें राज्य होतें. तेथें दुसरे सरफोजी राजे यांनीं (राज्यकाल १७९८ ते १८३२) नृत्यासाठीं मराठी रचना केल्या. तामीळ देशांतील नर्तकींनीं त्यांवर पाय टाकला. मराठी भाषा अशी परमुलखांत नाचली, आणि सातारा-पुण्याच्या कोणी तिला परत मागितलें नाहीं; तिची आठवणहि ठेवली नाहीं. पुढें विसाव्या शतकांत पार्वतीकुमार आणि सुचेता भिडे-चापेकर यांच्यासारख्यांनीं त्या रचनांचा अभ्यास करून त्या पुन्हां रंगभूमीवर आणल्या, तेव्हां कोठें आपल्याला कळलें कीं घरचा एक ठेवा दूरच्या घरीं इतकीं वर्षें सांभाळून ठेवलेला होता. ठेवा सांभाळणारे तामीळ होते. ज्यांची भाषा ती नव्हती त्यांनीं ती पायांत जपली.

येथें एक भेद करणें अवश्य आहे, नाहीं तर सगळ्या परदेशगमनाची एकच मोळी बांधली जाईल. परदेशीं नाचणें वेगळें आणि परदेशीं शिकविणें वेगळें. मादाम मेनका या नांवानें प्रसिद्ध झालेल्या लीला सोखी यांनीं १९३६ ते १९३८ या काळांत आपला संच घेऊन युरोपचा दौरा केला. १९३६ सालीं बर्लिनला त्यांचें नृत्य झालें. दमयंती जोशी ही मराठी मुलगी लहान वयांतच त्यांच्या संचांत वाढली आणि पुढें मोठी नर्तकी झाली. त्याच्याहि आधीं, १९२३ सालीं, उदय शंकर यांनीं लंडनमध्यें अ‍ॅना पाव्हलोव्हा या रशियन नर्तकीबरोबर काम केलें होतें. हीं कामें लहान नव्हेत. हिंदुस्थानांतील सुशिक्षित घरांनीं नृत्याकडे पाहण्याची आपली नजर बदलली, ती कांहीं अंशीं परक्यांनीं टाळ्या वाजविल्या म्हणून, हें कबूल करतांना थोडी लाज वाटली तरी तें खरें आहे. तथापि दौर्‍यावरचा नर्तक पेट्या भरतो, नाचतो, आणि पेट्या घेऊन परत येतो. त्याच्यापुढील मोह एकच, प्रेक्षकाला जें अद्भुत वाटतें तेंच अधिक वाढण्याचा. शिक्षकापुढील मोह याहून सूक्ष्म आहेत, आणि ते रोजचे आहेत.

ते पाहण्यापूर्वीं गयानाकडे एकदां वळूं, कारण तेथें ‘परका’ या शब्दाचाच अर्थ डळमळूं लागतो. १८३८ सालच्या मे महिन्यांत ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्पेरस’ हीं दोन जहाजें कलकत्त्याहून गिरमिटी मजूर घेऊन त्या किनार्‍याला लागलीं. १८४५ सालीं ‘फातेल रझाक’ त्रिनिदादला पोंचलें. पुढें १९१७ पर्यंत उंसाच्या मळ्यांसाठीं ही भरती चालू राहिली. गेलेल्यांत बहुसंख्य लोक बिहार व अवधकडील खेड्यांतले. त्यांनीं रामायण नेलें, होळी नेली, लग्नांतलीं गाणीं नेलीं. कथक मात्र नेलें नाहीं, कारण कथक त्यांचें नव्हतेंच. ज्या काळांत लखनौच्या दरबारांत घुंगरूं वाजत होतें, त्याच काळांत त्याच मुलखांतला दुष्काळानें व कर्जानें गांजलेला शेतकरी कलकत्त्याच्या गोदींत अंगठा उठवीत होता. त्याला त्या दरबाराच्या पायरीवरहि कोणी उभें केलें नसतें. शंभर-सव्वाशें वर्षांनीं त्याच्या पणतीला जॉर्जटाउनमध्यें एक हिंदी गुरु तत्कार शिकवितो. आतां सांगावें, हें ऋण कोणाचें, फेडलें कोणाला, आणि परदेश कोणता? ज्याला स्वदेशीं जें मिळालें नसतें तें त्याच्या वंशजाला परदेशीं मिळालें, हें मला या सगळ्या प्रकरणांतलें सर्वांत विलक्षण सत्य वाटतें. मातीच्या हक्काची भाषा बोलणारांनीं या पणतीला एकदां उत्तर द्यावें.

लंडनची गोष्ट निराळी. तेथें मुलें येतात तीं बहुतेक नोकरीधंद्यासाठीं गेलेल्या कुटुंबांतलीं; गुजराथी, बंगाली, पंजाबी, तामीळ, आपल्याकडचींहि. तेथील महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचें आहे. म्हणजे आपलीं माणसें तिकडे कालपरवां गेलीं असें नाहीं. आईबाप मुलीला नृत्याला घालतात तें नृत्यासाठीं क्वचित्. बहुधा ‘संस्कार’ व्हावेत म्हणून. देवीची लस टोंचावी तसा आठवड्यांतून एकदां हा संस्कार टोंचून आणावयाचा, म्हणजे मुलीला परकेपणाची बाधा होत नाहीं अशी समजूत. गुरूपाशीं वेळ आहे एक तास. तोहि भाड्यानें घेतलेल्या दालनांत, पुढच्या वर्गाचीं मुलें दाराशीं उभीं असतांना. ज्या विद्येंत गुरूच्या घरीं राहून, पाणी भरून, वर्षानुवर्षें कान तयार करावयाचा, ती विद्या या तासांत कशी मावावी? ती मावत नाहीं. तिची कांटछांट होते. परीक्षा येतात, इयत्ता येतात. इंग्लंडांत १९०४ सालीं स्थापन झालेली नृत्यशिक्षकांची ‘इंपीरियल सोसायटी’ म्हणून जी संस्था आहे, तिनें बॅलेच्या जोडीला आपलें कथक आणि भरतनाट्यम् हेहि परीक्षेचे विषय केले आहेत. हें ऐकून नाक मुरडणारांनीं आपल्याकडील गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षा आठवाव्या. आठवड्याचा तास, फी आणि प्रमाणपत्र यांचा शोध लंडननें लावलेला नाहीं.

म्हणून मला कांटछांटींत पाप दिसत नाहीं. पाप दुसरीकडे आहे. तीनतालाच्या सोळा मात्रा लंडनलाहि सोळाच असतात. लेहरा चालू असतो. शिष्या तिहाई घेते. तिचें शेवटचें पाऊल समेवर पडावयाचें, तें पाव मात्रा अगोदर पडतें. ऐकणार्‍या आईबापांना तें कळत नाहीं. मुलीलाहि कळत नाहीं. त्या दालनांत तें एकट्या गुरूला कळतें. पुन्हां करावयाला लावावें तर मूल रडवेलें होतें, पुढच्या आठवड्यांत येत नाहीं, आणि दालनाचें भाडें तर द्यावयाचेंच असतें. ‘छान’ म्हणून पुढें जावें तर सगळें गोड होतें. स्वदेशींच्या गुरूभोंवतीं दहा जाणती माणसें असतात. त्यानें ढिलाई केली तर शेजारच्या तबलजीची भुंवई वर जाते. परदेशच्या गुरूवर पहारा त्याच्या स्वतःच्या कानाखेरीज दुसरा नसतो. तेथें तो पाव मात्रेसाठीं अडून बसतो कीं नाहीं, यावर तो आपल्या गुरूचें ऋण फेडतो आहे कीं बुडवितो आहे हें ठरतें. आणि मुलीला एवढेंहि त्यानें सांगावें कीं, बाळ, मीं तुला दिलें तें थोडें आहे, याच्या पलीकडे पुष्कळ आहे. थोडें दिल्याबद्दल कोणी दोष देणार नाहीं. थोडें देऊन तें सगळेंच आहे असें भासविणें ही मात्र फसवणूक होय, आणि ती पुण्यांत केली तरी फसवणूकच.

अभिनयाच्या बाबतींत माझें मन इतकें निःशंक नाहीं. पायाचें काम गणितासारखें आहे, तें प्रवास सोसतें. परंतु बिंदादीन महाराजांच्या ठुमरीचे शब्द ब्रजबोलींतले. त्यांतला एखादा उपालंभ, एखादी लटकी तक्रार, ती बोली कानांवरून गेलेली नसेल तर डोळ्यांत कशी उतरावी? पनघटाची गत घ्या. डोक्यावर घागर, वाट ओली, मागें कोणी खडा मारणारा. ज्या मुलीनें विहीर पाहिली नाहीं, ती ही घागर कशी तोलणार? असा आक्षेप मी स्वतः पुष्कळदां घेत आलों आहें, आणि तो घेतांना भंडार्‍याची मुलगी माझ्या डोळ्यांसमोर असे. वैनगंगेच्या घाटावर पाणी भरणार्‍या बाया जिनें पाहिल्या आहेत अशी. पण आतां आपल्या गांवांतहि नळ आले, घागर पितळेची होती ती प्लॅस्टिकची झाली, आणि घाटावर कपडे धुवायलाहि पूर्वींइतकी गर्दी नसते. भंडार्‍याच्या तांबटांची पितळेची घागर मुलीला आतां आजीच्या माळ्यावर सांपडते. तेव्हां घागरीचा तोल येथल्या मुलीला काय आणि तिकडच्या मुलीला काय, गुरूच्या उचललेल्या हातांतूनच शिकावा लागणार. फरक उरतो तो बोलीचा. तो लहान नाहीं, आणि तो मिटला असें मी म्हणणार नाहीं.

आतां शिष्याचा विचार. १९७४ सालीं लंडनमध्यें एका बांगला देशी कुटुंबांत जन्मलेला अक्रम खान हा मुलगा सातव्या वर्षीं प्रताप पवार यांच्यापाशीं कथक शिकूं लागला. तेराव्या वर्षाच्या सुमारास तो पीटर ब्रुक यांच्या ‘महाभारत’ नाटकाच्या संचाबरोबर जगभर फिरला. पुढें त्यानें पाश्चात्त्य धर्तीचें नवें नृत्यहि शिकून घेतलें, २००० सालीं स्वतःची संस्था काढली, ‘काश’, ‘देश’ अशा नांवांच्या रचना केल्या, २०१२ सालच्या लंडन ऑलिंपिकच्या उद्‌घाटनांत त्याचें नृत्य झालें, आणि २०१६ सालीं ‘जिझेल’ या जुन्या बॅलेची त्यानें नवी मांडणी केली. आज जगांत त्याचें नांव गुरूच्या नांवापेक्षां मोठें आहे. तो जें करतो त्याला शुद्ध कथक म्हणतां येणार नाहीं. तोहि म्हणत नसावा. मग ऋण फिटलें कीं वाटेंत हरवलें?

कांहीं जाणते म्हणतात, हरवलें. त्यांचें दुःख मला समजतें. परंतु त्यांत गुरु आणि मालक या दोन पदांचा घोटाळा आहे असें वाटतें. गुरूनें जें घेतलें तें प्रामाणिकपणें पुढें देणें येथवर गुरूचा धर्म. शिष्य पुढें तें घेऊन कोठें जातो, हा शिष्याचा धर्म. आणि शिष्याच्या बाजूनेंहि पाहावें. २०१८ सालीं त्यानें ‘झेनोस’ ही एकट्यानें करावयाची रचना रंगभूमीवर आणली. पहिल्या महायुद्धांत दहा लाखांहून अधिक हिंदी माणसें समुद्रापार लढावयास किंवा लढणारांच्या चाकरीस गेलीं. त्यांपैकीं एका शिपायाची ती कथा आहे. तिचा नायक मुळांत नर्तक आहे. आरंभीं घरगुती मैफलींत तो कथक नाचतो, आणि पुढें त्याच्या पायांतल्या घुंगरांच्या लांब माळा पाहतां पाहतां बेड्यांसारख्या होतात. हें नाचावयाला ज्याला घुंगरांचें वजन घोट्यावर वर्षानुवर्षें वागविलेलें आहे असाच मनुष्य हवा. सातव्या वर्षापासून कोणीतरी त्याला समेसाठीं अडवून बसलें होतें म्हणूनच त्याला तीं घुंगरें बेड्या करून दाखवितां आलीं. हें कथक आहे कीं नाहीं, यावर पंडितांनीं वाद घालावा. तें कथकच्या शिकवणीवांचून झालें नसतें, यावर वाद नाहीं.

जे घरीं राहिले त्यांचें काय, असें कोणी विचारील. रोहिणी भाटे यांनीं १९४७ सालीं पुण्यांत नृत्यभारती काढली आणि २००८ पर्यंत, म्हणजे हयातभर, तेथेंच शिकविलें. परंतु त्याच विदुषीनें इझाडोरा डंकन या अमेरिकन नर्तकीचें आत्मचरित्र मराठींत आणलें. घरीं राहून त्यांनीं खिडकी उघडी ठेवली. समुद्रगमनाबद्दल प्रायश्चित्त घ्यावें कीं नाहीं हा आपल्या पणजोबांचा वाद. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं अमेरिकेस निघाल्या तेव्हां तो केवढा तापला होता! तो वाद संपला असें आपण समजतों. कलावंताच्या बाबतींत तो अजून आपल्या मनाच्या माजघरांत बसलेला आहे, फक्त प्रायश्चित्ताऐवजीं आतां आपण सत्कार करतों आणि आवाज खालीं आणून बोलतों.

आणि ज्याला मातीची कला म्हणावें तिच्याविषयीं आपली वागणूक कशी आहे? झाडीपट्टींत धानाचें पीक हातीं येतें त्या सुमारास, दिवाळीनंतर, भंडारा-गोंदियाकडे गांवोगांव मंडई भरते, आणि रात्रीं दंडार उभी राहते. लुगडें नेसलेला, ओठ रंगविलेला तो पोरगा दिवसां कोणाच्या तरी बांधींत धान कापतो. त्याला कोणी गंडा बांधलेला नाहीं, त्याची कोणती इयत्ता नाहीं. तो शिकला तो थोरल्या भावाचें किंवा काकाचें पाहून, आणि त्याचें पाऊल समेवर पडलें नाहीं तर ढोलकीवाला भर मांडवांत त्याला ऐकवितो. हें नृत्य लंडनला गेलेलें नाहीं, जॉर्जटाउनला गेलेलें नाहीं; तें आपल्या गावाच्या वेशीवर, आपल्या घरापासून हांकेच्या अंतरावर चालतें. आपल्या भंडार्‍यांतील शिकलेल्या कुटुंबांपैकीं बरींचशीं पहिल्या गणानंतर, थंडी वाजते म्हणून, मुलांना घेऊन घरीं परततात. पहांटेपर्यंत घोंगडी पांघरून बसून राहतात ते गांवचे म्हातारे, आणि दुसर्‍या दिवशीं सकाळीं बांधींत जावयाचें असलेले कांहीं तरुण.